दिवसाढवळ्या निजणं

परवा दुपारी जेवण झाल्यावर जरा आडवी झाले होते. गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासून दुपारी पाय लांब करून पडायचं, असा डॉक्टरांचा हुकूमच आहे. डोळा लागतोय न लागतोय तोच बेल वाजली. मी धडपडून उठले, चादरीची घडी घातली, उशी कपाटात कोंबली, केसांवरून हात फिरवला आणि मगच दार उघडलं. कुरिअरवाला होता. त्याला म्हटलं, "स्वयंपाकघरात होते, म्हणून उशीर झाला." त्या बिचाऱ्यानं काही विचारलंही नव्हतं. सही करून दार लावलं आणि स्वतःचीच चीड आली. साठी उलटली, नोकरीतून निवृत्त झाले, खरवईच्या या सातव्या मजल्यावरचं घर माझं, दुपार माझी, गुडघा माझा. तरी दिवसा माझी पाठ टेकलेली कुणी पाहिली, तर चोरी पकडल्यासारखं होतं. ही लाज आली कुठून, ते मला नेमकं ठाऊक आहे. त्याबद्दलच लिहायला बसले आहे, आणि खरं सांगायचं तर गेले कित्येक महिने टाळत आले आहे.

तेव्हा आम्ही बदलापूरच्या हेंद्रेपाड्यात राहायचो. बैठी चाळ, पुढे सामाईक ओटा, एकेकाला दोन खोल्या. चाळीतली दारं दिवसभर सताड उघडी असायची. दार लोटलेलं दिसलं की आत भांडण चाललंय किंवा कुणी मेलंय, असा सरळ अर्थ निघायचा. आणि आमच्या ओट्यावर सकाळपासून एक आवाज असायचा, धागाकटरचा. उल्हासनगरच्या कॅम्पातून शिवून झालेल्या जीन पँटींचे गठ्ठे यायचे. त्यांचे लोंबते धागे कापून, पँटी उलटसुलट झटकून, पुन्हा गठ्ठा बांधून द्यायचा. बोटांत मावेल एवढी ती कात्री. तिचा कच्‌कच् आवाज थांबला की आम्हाला चुकल्यासारखं व्हायचं. आईची बोटं कायम निळी असत. पीठ मळण्याआधी ती साबणानं घासून घासून हात धुवायची, तरी उन्हाळ्यात घाम आला की भाकरीच्या कडेला निळसर बोट उमटायचंच. आम्ही ते खायचो. काम देणारा सिंधी शेठ गठ्ठा तपासताना एखादा धागा राहिलेला दिसला, तर "साईं, ये क्या है?" म्हणून पँट अंगावर फेकायचा, म्हणून आई राहिलेला धागा दातानं तोडायची.

आबा अंबरनाथच्या एका कारखान्यात होते. पाळी संपवून आले की तेही आडवे होत नसत. सायकल उलटी करून चेन साफ करत, शेजारच्यांचे अर्ज लिहून देत, रविवारी विहारात मुलांचा अभ्यास घेत. झोप ही रात्रीची गोष्ट आहे, असं त्यांचं मत होतं. दिवसा झोपतो तो एकतर आजारी किंवा आळशी, आणि आपल्या लोकांना आळशी म्हणायला जग टपलेलंच आहे, असं ते म्हणायचे. त्यांचं म्हणणं मला आजही चूक वाटत नाही. पण त्या वाक्याचा माझ्या पाठीवर जो बोजा पडला, तो कधी उतरलाच नाही.

शेजारच्या खोलीत पारूमावशी राहायची. नात्यानं आमची कुणीच नाही. जवळच्याच गावातली, नवरा गवंडीकामाला जाणारा. तिला मूल नव्हतं. तो विषय कुणी काढत नसे, पण माझी वेणी मात्र आईपेक्षा जास्त वेळा तिनंच घातली असेल. तीही आईबरोबर धागे कापायला ओट्यावर बसायची. तिला एकच शौक, चहाचा. पितळी पेल्यातून बशीत ओतायचा, फुंकर मारायची, डोळे मिटून प्यायचा आणि म्हणायची, "हां, आता हात चालतील." दिवसातून किती वेळा हे व्हायचं, ते तिलाच ठाऊक.

मी शाळेत गोळाफेक करायची. त्यातून बदलापूर गावात देवळामागे पत्र्याच्या शेडमध्ये जी व्यायामशाळा होती, तिथले पाटकर सर मला घेऊन गेले. पाटकर सर म्हणजे मोठा आवाज, घट्ट बनियन आणि बोलताना सारखी आरशात एक नजर. त्यांना जिल्ह्याच्या पॉवरलिफ्टिंग स्पर्धेत मुलींच्या गटात नाव घालायला कुणीतरी हवंच होतं. तोवर कुणाची मुलगी मिळत नव्हती. खांद्यावर दांडा घेऊन बसून उठायचं, बाकावर पडून छातीवरून दांडा ढकलायचा, आणि जमिनीवरचा दांडा ताठ उभं राहून उचलायचा, असे तीन प्रकार. मला ते पहिल्याच दिवशी आवडलं. लोखंड तुमची जात विचारत नाही, बाप काय करतो विचारत नाही. उचललं तर उचललं. पण त्याबरोबर मांड्या भरू लागल्या, स्कर्ट घट्ट होऊ लागला आणि भूक अशी लागू लागली की ताटावर बसायची लाज वाटे. तिसरी भाकरी मागताना मी आईकडे बघत नसे. आई वाढायची आणि उकडलेलं अंडं सुकटीच्या खाली दडवून ठेवायची. चाळीत एवढंच माहीत होतं की पोरगी खेळायला जाते. काय खेळते, ते आम्ही कुणाला सांगितलं नव्हतं.

सरांनी सांगितलं होतं, एक दिवस उचलायचं, एक दिवस सोडायचा, आणि ठरलेले सेट झाले की गपचूप घरी जायचं. मला वाटलं, मुलगी म्हणून मला सूट देतात. आमच्या घरात जास्त वेळ बसलं की जास्त गठ्ठे उरकतात, एवढं एकच गणित माहीत होतं. तेच मी लोखंडाला लावलं. शेडची किल्ली विटेखाली असायची. सर त्यांच्या कारखान्यातल्या नोकरीवर असले की मी सोडायच्या दिवशीही जायची, ठरलेल्या सेटवर आणखी सेट करायची, शेवटी हात थरथरायला लागले की बरं वाटायचं. वाटायचं, आता भाकरी हक्काची. मग गुडघे दुखू लागले. आधी जे वजन सहज उठायचं ते जमिनीला चिकटून बसू लागलं. म्हणून मी आणखी केलं. झोप उडाली, पाळी चुकली, भूकही मेली. एकदा मावशी वेणी घालताना केस जरा ओढले गेले, तर मी तिच्या हातावर फटकन मारलं. तिनं फणी खाली ठेवली आणि थोड्या वेळानं पुन्हा उचलून वेणी पुरी केली. अजून तो हात आठवतो.

जिल्ह्याची स्पर्धा तोंडावर आली तेव्हा सरांनी चाचणी घेतली. खांद्यावर दांडा घेऊन मी खाली बसले ती उठलेच नाही. दोन मुलांनी दोन बाजूंनी दांडा धरला म्हणून वाचले.

"काय गं? हेच वजन गेल्या महिन्यात हसत हसत मारलंस ना?"

मी छाती पुढे काढून सांगितलं की मी रोज येते, सुट्टीच्या दिवशीही, आणि तुम्ही सांगता त्याच्या दुप्पट करते. वाटलं, शाबासकी मिळेल. सरांनी खांद्यावरचा टॉवेल भिंतीवर फेकला.

"शाणी आहेस का? ताकद काय त्या दांड्यात असते? दांडा फक्त अंग मोडतो. भरून येतं ते झोपेत. तू आज मोडलंस, उद्या परत मोडलंस, परवा परत. भरणार कधी? मेल्यावर? आता स्पर्धेपर्यंत लोखंडाला हात लावायचा नाय. खायचं आणि झोपायचं. दुपारी पण झोपायचं. कळलं?"

मी रडायला लागले. कुणी मला कामावरून काढून टाकल्यासारखं वाटलं.

माझ्यावर त्यांचा भरवसा नव्हता, म्हणून ते स्वतः घरी आले. ओट्यावर उभे राहून नव्हे, एवढं डोकं चालवलं. आत येऊन बसले. "वहिनी, हिला आठवडाभर काही काम सांगू नका. पाणी नाही, धागे नाहीत. फुल रेस्ट."

आई घाबरली. "आजारी हाय का ती?"

"छे! एकदम फिट आहे."

"मग झोपायचं कशाला?"

सरांनी तिला बरंच समजावलं. त्यातलं तिला किती कळलं देव जाणे. पण जाताना ते म्हणाले की जिल्ह्यात नंबर आला तर राज्यावर जाईल, आणि अशा मुलींना पुढे खेळाडूंच्या जागेवर नोकरी लागते. ते आईला नीट कळलं. माझ्या बोटांना निळा रंग लागू नये, एवढंच तिला आयुष्यात हवं होतं.

दुसऱ्या दिवशी आबा कामावर गेल्यावर तिनं भर दिवसा गादी पसरली. तो आवाज मला आजही ऐकू येतो, कापसाची गादी जमिनीवर पडल्याचा. मी भिंतीकडे तोंड करून पडले. बाहेर ओट्यावर आई आणि मावशी पँटी झटकत होत्या. प्रत्येक कच्‌ माझ्या पाठीत लागत होता. दाराला पातळ पडदा होता आणि येणारा-जाणारा प्रत्येक माणूस पडद्याशी पाऊलभर थांबून जात होता. मी डोळे मिटून घेतले, जणू मी कुणाला बघितलं नाही तर मीही कुणाला दिसणार नाही. आणि सगळ्यात लाजिरवाणी गोष्ट ही, की मला झोप लागली. अशी लागली की तोंड उघडं पडलं आणि उशी ओली झाली.

दुसऱ्या दिवशी कोपऱ्यातली लताताई आली. तिला चाळीतल्या सगळ्यांच्या पोटातलं माहीत असायचं. पडदा बाजूला करून तिनं मला पायापासून डोक्यापर्यंत बघितलं, परत पोटाशी येऊन नजर थांबवली आणि आईला म्हणाली, "काय हो वहिनी, शालू दिवसाची झोपते? उलट्या-बिलट्या होतात का?"

कटरचे आवाज थांबले. आईला जन्मात कधी खोटं बोलता आलं नव्हतं, पण त्या क्षणी तिच्या तोंडून पट्‌कन निघालं, "कावीळ झालीया तिला."

खरं सांगता आलं असतं. पण खरं काय होतं? धडधाकट वाढलेली मुलगी लोखंड उचलायचं म्हणून दिवसा लोळते आणि आई तिच्यासाठी राबते. हे सांगितलं असतं तर चाळ आईला हसली असती, मला नावं ठेवली असती. कावीळ म्हटल्यावर मात्र सगळं सोपं झालं. आजारी बाईला निजायला कुणाची हरकत नसते. संध्याकाळी आबांना कळलं तेव्हा ते एवढंच म्हणाले, "हे बरं नाही केलंत," आणि पेपर तोंडासमोर धरला.

कावीळ झाली म्हटल्यावर मावशी कामाला लागली. तेल बंद, मसाला बंद, अंड्याचं तर नाव नको. उकडलेली मूग डाळ, कुरमुरे, मुळ्याच्या पाल्याचा रस. सकाळ-संध्याकाळ ती कुठून तरी उसाचा रस आणायची, मी तो पुरा पिईपर्यंत समोर बसून राहायची. इकडे सरांनी तर खायला सांगितलेलं. मग ती गेली की आई स्वयंपाकघरातल्या मोरीपाशी मला उभ्या उभ्या अंडी चारायची. टरफलं निळ्या धाग्यांच्या कचऱ्यात गुंडाळून टाकायची. तोंडात अंडं, डोळे दाराकडे. चोर तरी निवांत खात असतील.

"तू पोरीकडं बघ गो, गठ्ठ्याचं मी बघतंय," असं म्हणून मावशीनं आईच्या वाट्याच्या पँटीही आपल्याकडे ओढल्या. आईनं नाही म्हटलं, पण ठाम नाही म्हणायचं तर खरं सांगावं लागलं असतं. आणि एका सकाळी माझ्या लक्षात आलं की ओट्यावर चहाचा वास नाही. आईला विचारलं. आई पातेलं घासत होती, मान वर न करता म्हणाली, "तू बरी होईस्तोवर चहा सोडलाय तिनं. देवाला बोललीया." मी परत जाऊन गादीवर पडले. दुसरं काय करणार होते?

मग मावशीनं मला खरवईला नेलं. तिथं एक म्हातारा कावीळ उतरवायचा. आंब्याखाली अंगण, रांगेत माणसं बसलेली. त्यानं माझ्या हातांना कसल्याशा पाल्याचा रस चोळला, चुन्याच्या निवळीत हात बुडवायला लावले आणि पाणी पिवळंधमक झालं. आबांनी नंतर सांगितलं की कुणाचेही हात तसे धुतले तरी पाणी पिवळंच होतं. पण मावशी त्या परातीत बघत राहिली. "बघ गो, किती होती अंगात," म्हणाली आणि पदर डोळ्यांना लावला. मी मान खाली घालून हात पुसले. तो आंबा आता नाही. माझ्या इमारतीचं पार्किंग साधारण तिथंच कुठेतरी येतं. गाडी काढताना कधी कधी उगाच आठवण होते.

या सगळ्यात माझ्या शरीरानं मात्र निर्लज्जपणा केला. मी मनात जेवढी मरत होते, तेवढं अंग फुलत होतं. गुडघे दुखायचे थांबले. भूक परत आली. मांडीवर हात ठेवला की आतून घट्ट लागायचं. शेवटच्या दोन-तीन दिवसांत तर पडून राहणं जमेना, उठून चाळीचा खांब उपटावा असं वाटायचं. शरीराला लाज कळत नाही, हे तेव्हा समजलं.

स्पर्धा उल्हासनगरात होती. मावशीला सांगितलं, मोठ्या डॉक्टरला दाखवायला चाललोय. खांद्यावर दांडा घेऊन मी खाली बसले आणि अशी उठले की वजन लावायला मुलं विसरली की काय, असं वाटलं. तिन्ही प्रकारांत माझा एकही प्रयत्न चुकला नाही. मी पहिली आले. आईनं आयुष्यात पहिल्यांदा मला उचलताना पाहिलं; ती टाळ्या वाजवत नव्हती, दोन्ही हात तोंडावर दाबून बसली होती. मला वाटलं, आता गुपचूप घरी जायचं, पदक पेटीत ठेवायचं, संपलं. पण पाटकर सर गुपचूप काही करणाऱ्यातले नव्हते. बदलापूरला उतरलो तर लेझीमवाली पोरं आणि गुलाल तयार. आई म्हणाली, "सर, नको हो, पाया पडते." सर म्हणाले, "लाजता काय वहिनी, जिल्ह्यात पहिली आलीय!"

लेझीम चाळीत शिरलं तेव्हा मावशी ओट्यावर बसून आमच्याच गठ्ठ्याचे धागे कापत होती. सरांनी मला पुढे ढकललं, माझ्या गळ्यातलं पदक सगळ्यांना दाखवलं आणि मी किती वजन उचललं ते ओरडून सांगितलं. बायका जमल्या. लताताई पुढे आली. "अगंबाई, हिला तर कावीळ झाली होती ना?"

मी मावशीकडे बघितलं. आता सगळं संपलं, असं वाटलं. तिचा चेहरा आधी कोरा झाला, मग हळूहळू उजळत गेला.

"बघा!" ती उभी राहून ओरडली. "बघा खरवईचा गुण! आठ दिसांमागं पोरीला उठवत नव्हतं, न आज एवढं वजन उचललन! म्या सांगत नव्हते?"

तिनं माझ्या तोंडावरून हात फिरवून कडाकडा बोटं मोडली. मग चूल पेटवली आणि अख्ख्या चाळीला चहा केला. स्वतःच्या पेल्यातली पहिली बशी तिनं माझ्या तोंडाला लावली. मी तो प्यायले. इतका गोड चहा मी पुन्हा कधी प्यायले नाही, आणि तो घशाखाली उतरताना जेवढी लाज वाटली तेवढी पुढेही कधी वाटली नाही.

त्यानंतर चाळीत कुणाला जरा बरं नसलं की मावशी माझा दाखला द्यायची. माणसं खरवईला जाऊ लागली. आबा चिडायचे. "दोघींनी मिळून त्या म्हाताऱ्याचं दुकान थाटून दिलंत." आई म्हणायची, "सांगू का आता? तिच्या तोंडावर सांगू?" आणि कुणीच सांगत नव्हतं. मी राज्यावर जाऊन आले, तिथं मधल्यात कुठंतरी आले, पण सरांनी दिलेले सुट्टीचे दिवस आता पाळत होते. चाळीत दिवसा मात्र कधी पडले नाही. शेडच्या मागच्या पोत्यांवर झोपून यायची.

पावसाळा सरता सरता चाळीच्या नळाला गढूळ पाणी येऊ लागलं. एके दिवशी मावशी माझी वेणी घालत होती. मी आरशातून तिच्याकडे बघितलं, तर तिचे डोळे हळदीसारखे पिवळे. विचारलं तर म्हणाली, "काय नाय गो, खरवईला जाऊन आले दोनदा. मस पिवळं पाणी निघालं." ती तशीच धागे कापत राहिली. मग उलट्या सुरू झाल्या. अन्न बघवेना, बसल्या जागी मान लवंडायला लागली, तरी हातात कटर. आबांनी रिक्षा आणली. मावशीनं दाराची चौकट धरून ठेवली. तिचा नवरा विनवत होता, आई रडत होती, सगळी चाळ ओट्यावर उभी होती.

"मना नाय जायचा इस्पितळात. हिला आला ना गुण? मंग मना का नाय येनार?"

तिनं माझ्याकडे बोट केलं होतं. सगळे माझ्याकडे बघत होते. आई माझ्याकडे बघत नव्हती.

"मावशी," मी म्हटलं, "मला कावीळ नव्हती."

"आं?"

"नव्हतीच कधी. मी नुसती झोपले होते."

"दिसाची?"

"हो."

"काय झाला नसताना?"

"सरांनी सांगितलं होतं. स्पर्धेसाठी. अंग भरून यायला."

मागं लताताई फिस्सकन हसली. आईनं पदरात तोंड लपवलं. मावशी माझ्याकडे बघत राहिली, त्या पिवळ्या डोळ्यांनी, आणि तिचा चौकटीवरचा हात सैल पडला. ती आपणहून रिक्षात जाऊन बसली. रिक्षा निघताना समोर बघत म्हणाली, "माझा चा बंद होता." एवढंच. मला शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

इस्पितळातले डॉक्टर म्हणाले, वेळेत आणलंत. बरेच दिवस ठेवून घेतलं आणि घरी सोडताना सांगितलं, औषधापेक्षा विश्रांती महत्त्वाची, हिला पडून राहू द्या. मग मी तिच्या खोलीत बसून तिच्या वाट्याचे धागे कापू लागले. आईनं मला अडवलं नाही. माझी बोटं निळी झाली. मावशी भिंतीकडे तोंड करून पडायची, अगदी मी पडायची तशी, आणि माझ्याशी बोलायची नाही. ओट्यावर पावलं वाजली की म्हणायची, "दार लोट," तेवढंच. मी दार लोटायची.

एका दुपारी, मला वाटलं झोपलीय, तर भिंतीकडे बघतच बोलली. "निजला की ताकद येते, असा म्हनला तुझा मास्तर?"

"हो."

"न तुना आली?"

"आली, मावशी."

तिनं भिंतीचा एक पोपडा नखानं काढला. मग म्हणाली, "चा टाक थोडा. डाक्टर काय बोलला नाय चाचा." डॉक्टर बोलला होता. मी अगदी फिका, घोटभर टाकला.

ती बरी झाली. डोळे पांढरे झाले, गठ्ठे पुन्हा सुरू झाले, माझी वेणीही. त्या प्रकाराबद्दल ती मला पुढे एक शब्द बोलली नाही, आणि मीही माफी मागितली नाही; मागायला हवी होती. दिवाळी होऊन गेल्यावरची गोष्ट. दुपारची मी व्यायामशाळेतून आले. शेठकडून आलेला गठ्ठा तिच्याकडे द्यायचा होता म्हणून तिच्या दाराशी गेले. दार सताड उघडं, आणि उंबऱ्याच्या आत, सगळ्यांना दिसेल असं, मावशी चटईवर पालथी निजलेली. कटर बाजूला, पितळी पेला बाजूला. मी तिथंच थबकले. तेवढ्यात लताताई ओट्यावरून चालली होती, ती थांबली आणि आत डोकावली.

"काय पारू, परत बरं नाही का?"

मावशी उठली नाही. पदर सारखा केला नाही, डोळेही उघडले नाहीत.

"बरी हाय," ती म्हणाली. "निजलेय."

मी गठ्ठा हळूच दाराशी ठेवला आणि आमच्या घरात आले. माझंही अंग दुखत होतं, पण आई ओट्यावर काम करत होती, म्हणून मी पडले नाही.